शालनमावशी पहिलीत बसली

तन्वी गावडे. वय सात, राहणार लालबाग. गेल्या जूनमध्ये शाळा उघडल्या त्या पहिल्या सोमवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी, परळमधल्या एका मराठी शाळेच्या ऑफिसात तिला पहिलीत प्रवेश नाकारला गेला. वेळ इतकी नेमकी माहीत आहे, कारण तिची आई स्नेहल तेव्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. अकराला तिला दादरच्या पोळीभाजी केंद्रावर पोचायचं होतं. जन्माचा दाखला, आधार कार्ड, लसीकरणाचं कार्ड, लाइट बिल, सगळं तिने एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये लावून नेलं होतं. मुख्याध्यापिका बाईंनी फोल्डर उघडलाच नाही. त्यांनी तन्वीच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अशा मुलांच्या शाळा वेगळ्या असतात ना हो." तन्वी समोर उभी होती. तिला कोणी नाव विचारलं नाही.

तन्वीला डाउन सिंड्रोम आहे. हा आजार नाही, कोणाकडून कोणाला होत नाही आणि औषधाने जात नाही. जन्मापासून शरीराच्या पेशींमध्ये एक गुणसूत्र जास्त असतं. त्यामुळे अंग सैल राहतं, बोलणं उशिरा येतं, शिकायला वेळ लागतो. शिकायला वेळ लागतो म्हणजे शाळा जास्त हवी, असा त्याचा साधा अर्थ. शाळेने अर्थ काढला की शाळाच नको.

मला पत्रकं लिहायची सवय आहे, ती लपत नाही. कॉलेजपासून मी तेच करते आहे: कोणावर अन्याय झाला, कधी झाला, कोणी केला, आमची मागणी काय. पण हे पत्रक नाही. हे शालन कांबळे या बाईबद्दल आहे. त्या सोमवारनंतर पंधरा दिवसांच्या आत, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, ती पहिलीच्या वर्गात जाऊन बसली.

शालनमावशी घोडपदेवला एका चाळीत राहायची. महापालिकेच्या प्रसूतिगृहात आया म्हणून तिची नोकरी झाली. उंची बेताची, अंगाने रुंद, पाचवारी साडी घोट्याच्या वर खोचलेली, पायांत मुलाचे जुने स्पोर्ट्स शूज आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. सकाळी दोनदा आणि दुपारी एकदा मशेरी लावायची. त्याशिवाय तिच्याशी बोलायला जाऊ नये, हे मला पहिल्याच आठवड्यात कळलं. आवाज वॉर्डातला. म्हणजे चार खाटांपलीकडच्या बाईला ऐकू जाईल असा. गोड बोलणं तिला जमत नव्हतं आणि ते न जमण्याची तिला खंत नव्हती.

दर शनिवारी सकाळी लालबागच्या बाजारामागच्या व्यायामशाळेत ती डाउन सिंड्रोम असलेली आठ-दहा मुलं जमवायची. लालबाग, घोडपदेव, कॉटन ग्रीन, एक कुटुंब थेट शीव कोळीवाड्याहून. पहिलवान पोरांचा व्यायाम साडेनऊला आटपायचा, मग मावशी फरशी पुसून घ्यायची आणि चटया पसरायची. महिन्यातून एकदा एक फिजिओथेरपिस्ट बाई येऊन नवे व्यायाम दाखवून जायच्या. बाकीचे तीन शनिवार मावशी. तोल सांभाळणं, फुंकर मारणं, जीभ बाहेर राहू नये म्हणून भाकरीचा कडक काठ चावायला देणं, बटण लावणं.

बटणांवर तिचा विशेष भर. "शर्ट घालता आला की माणूस निम्मा मोकळा होतो," म्हणायची.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा पाच वर्षांचा एक मुलगा शर्टाचं बटण काजात घालायचा प्रयत्न करत होता. त्याची बोटं आखूड, बटण निसटत होतं. मी सहज पुढे होऊन लावून दिलं. मावशीने लांबून पाहिलं. जवळ आली, मी लावलेलं बटण काढलं आणि मला म्हणाली, "हात मागं."

"काय?"

"हात पाठीमागं बांध. आणि बघ."

तिथल्या सगळ्या आया हात पाठीमागे बांधून उभ्या होत्या, हे मला तेव्हा दिसलं. कोणाच्या तरी गुन्ह्यात पकडून आणल्यासारख्या. मावशीचा हा नियम होता. मूल काही करत असेल तेव्हा आईचे हात पाठीमागे. एका बाईने एकदा तक्रार केली की मावशी, बघवत नाही गं. मावशी म्हणाली, "मग डोळे मीट. हात सोडायचा नाय." त्या मुलाला ते एक बटण लावायला अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं. लावून झाल्यावर त्याने कोणाकडे पाहिलंही नाही, दुसरं बटण धरलं.

मला ती नावाने कधी हाक मारायची नाही. पत्रकवाली म्हणायची. "ए पत्रकवाली, चटई झटक."

असं नवीन बाळ जन्मल्याची बातमी तिला कुठून तरी लागायची. प्रसूतिगृहातल्या जुन्या ओळखी असाव्यात. बाळ दहा-बारा दिवसांचं झालं की ती त्या घरी जायची. डॉक्टरांनी दारात उभं राहून दोन वाक्यांत सांगितलेलं असतं, आणि त्यानंतर घरात जे सुरू होतं त्याच्या मध्यात ती जाऊन बसायची. कॉटन ग्रीनला एका घरी मी तिच्यासोबत होते. बाळंतीण भिंतीकडे तोंड करून झोपली होती. सासू आम्हाला दारातच सांगू लागली, "हिला मी बजावलं होतं, ग्रहणात सुरी धरू नको. ऐकलं नाही. भाजी चिरली. आता भोगा."

मावशीने आधी पाणी मागितलं. पाणी प्यायली. मग म्हणाली, "कुठलं ग्रहण?"

सासूने सांगितलं.

"मी वॉर्डात नोकरीला होते. रिटायर व्हायच्या आधीची गोष्ट सांगते, असंच ग्रहण होतं. तीन सिझेरियन झाली. डॉक्टरच्या हातात सुरी, कात्री, सगळं. पोट फाडलं, बाळं काढली. तिन्ही धडधाकट. त्यातला एक आता तुमच्याच गल्लीत वडापाव विकतो. जाऊन बघा, कुठं काही कापलंय का."

सासू म्हणाली, "तुम्हाला काय कळणार."

"मला नाही कळत. मला फक्त बाळंतपण कळतं. हिला दूध येतंय का ते विचारलंत का कोणी?"

विचारलं नव्हतं. डाउनच्या बाळाला अंगावर ओढायला जोर कमी पडतो, त्याला धरायची पद्धत वेगळी असते. मावशीने दार लावून घेतलं आणि तासभर ती पद्धत शिकवली. निघताना सासूने चहा केला. मावशी तो प्यायली. बाहेर आल्यावर मी म्हटलं, मावशी, तू त्या अंधश्रद्धेवर आणखी बोलायला हवं होतंस. ती म्हणाली, "बाळ उपाशी होतं."

आता माझी चूक.

तन्वी तीन वर्षांची असल्यापासून शनिवारी यायची. शाळेने नाकारलं ते स्नेहलने आम्हाला शनिवारी सांगितलं. सांगताना ती रडली नाही, फोल्डर तेवढा पुन्हा पुन्हा उघडबंद करत होती. मी त्याच दुपारी पत्रक लिहिलं. "तन्वी गावडेला शाळेबाहेर का ठेवलं?" असा मथळा. खाली कायद्याची कलमं. मध्ये फोटो. फोटो आमच्या शनिवारच्या ग्रुपवर होता, कोणीतरी टाकलेला, चेंडू पकडताना तन्वी हसते आहे असा. छान फोटो होता. पाचशे प्रती काढल्या आणि रविवारी आम्ही चौघांनी लालबाग-परळमध्ये वाटल्या. दुकानांत ठेवल्या, शाळेच्या कंपाउंडवर चिकटवल्या. मला वाटलं होतं, सोमवारी शाळा हादरेल.

सोमवारी संध्याकाळी मावशीचा फोन आला, व्यायामशाळेत ये. गेले तर तन्वीचे वडील प्रकाश तिथे उभे होते. ते कुरियरचं काम करतात, पाठीवर बॅग तशीच होती. हातात माझं पत्रक.

"माझ्या चेडवाक इलेक्शनाक उभा केलंस काय गो?" ते म्हणाले.

मी म्हटलं, दादा, तिच्या हक्कासाठीच...

"हक्क आमचो. फोटो आमचो. माका इचारलंस?"

विचारलं नव्हतं. स्नेहल बाकावर बसली होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई, आज केंद्रावर एक बाई पोळ्या घ्यायला आल्या. त्यांच्या पर्समध्ये तो कागद होता. मला दाखवून म्हणाल्या, ही तुझी मुलगी का गं? मी नाही म्हटलं." थोड्या वेळाने ती परत म्हणाली, "माझ्या तोंडातून नाही गेलं."

सात वर्षांत तिने कोणालाही, अगदी गावी सुद्धा, ही माझी नाही असं म्हटलं नव्हतं. ते माझ्या पत्रकाने करून दाखवलं.

मावशी मला ओरडली नाही. तिने विचारलं, "किती छापलीस?"

"पाचशे."

"चल."

त्या संध्याकाळी आणि पुढच्या दोन संध्याकाळी मी आणि मावशी लालबाग-परळमध्ये दुकानोदुकानी फिरलो आणि पत्रकं परत मागितली. प्रत्येक दुकानात बोलायचं मी. मावशी माझ्या मागे उभी. वाक्य तिने ठरवून दिलं होतं: "घरच्यांना न विचारता छापलं, माझी चूक झाली, कागद परत द्या." डेअरीवाल्याने दिले. मेडिकलवाल्याने दिले. एका सलूनवाल्याने विचारलं, "मॅडम, मग त्या पोरीला शाळेत घेतलं की नाही?" मी म्हटलं, नाही. तो म्हणाला, मग परत कशाला नेताय? मावशी मागून म्हणाली, "तुझा फोटो लावते उद्या, न विचारता. तेव्हा सांग."

मार्केटच्या कोपऱ्यावर चणेवाल्याने गठ्ठ्याचे चार-चार तुकडे करून पुड्या बांधल्या होत्या. मावशीने एक पुडी घेतली, चणे पदरात ओतले आणि कागद उलगडला. तन्वीचा अर्धा चेहरा होता. "मीठ लागलंय पोरीला," मावशी म्हणाली आणि कागद पुसून ब्लाउजमध्ये ठेवला. उरलेल्या पुड्याही तिने घेतल्या. ते चणे आम्ही आठवडाभर खात होतो.

पाचशेतले निम्मे-अधिक मिळाले. शाळेच्या कंपाउंडवरचे मी नखांनी खरवडले. तेव्हा तिने मला एवढंच सांगितलं: "आधी पोरीला विचारायचं. मग आईबापाला. छपाईवाला सगळ्यात शेवटी."

म्हणून हे लिहिण्याआधी मी तन्वीला विचारलं. ती म्हणाली, नाव लिही, आणि निळ्या फ्रॉकातला फोटो लाव. आईवडील म्हणाले, नाव चालेल, फोटो नको. त्यामुळे फोटो नाही. यावर तन्वी माझ्यावर नाराज आहे.

पत्रकाचं काहीच झालं नाही असं मात्र नाही. शाळेकडून निरोप आला, भेटायला या. मावशीने तन्वीला निळा फ्रॉक घालायला लावला, स्नेहलने अर्धा दिवस रजा काढली, आणि मला मावशी म्हणाली, "तू आज मुकी."

मुख्याध्यापिका बाई खलनायिका नव्हत्या. असत्या तर मला सोपं गेलं असतं. टेबलावर फायलींचा ढीग, एक शिक्षिका रजेवर, एका वर्गात छप्पर गळतंय. त्या म्हणाल्या, "एका वर्गाला एक बाई आहे. विशेष शिक्षक आमच्याकडे नाही, मागून मिळत नाही. हिला काही झालं, कुठे निघून गेली, तर जबाबदार कोण? कोणी सोबत बसणार असेल, पाचही दिवस, तर बघता येईल."

मी तोंड उघडलं. मावशीने टेबलाखालून माझ्या पायावर तिचा स्पोर्ट्स शू ठेवला.

"मी बसते," ती म्हणाली.

"तुम्ही हिच्या कोण?"

"मावशी."

"सख्ख्या?"

"पहिलीत सख्खीच मावशी लागते का?"

बाईंना हसू आलं. त्यांनी फोल्डर उघडला. तन्वीने न विचारताच नाव सांगितलं, आडनावासकट, आणि पेपरवेट मागितला.

खाली रस्त्यावर आल्यावर मी मावशीशी भांडले. भाजीवाल्या बायका थांबून ऐकत होत्या इतकं. मी म्हटलं, कायद्यात स्पष्ट आहे, मदतनीस द्यायचं काम शाळेचं, सरकारचं. तू फुकट बसलीस की ते सुटले. उद्या प्रत्येक आईला सांगतील, म्हातारी आणा, मग प्रवेश. तू एका पोरीचं भलं करतेस आणि बाकीच्यांचं दार लावतेस.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझा कायदा कधी येणार?"

"आलेलाच आहे."

"मग शाळेत का नाय पोचला?"

"त्यासाठीच भांडायला हवं."

"मग भांड ना. नको कोण म्हणतंय? तू भांड, मी बसते. दोघींना काम आहे." दोन पावलं गेली, थांबली. "माझा आजा गावच्या शाळेत व्हरांड्यात बसून शिकला. आत घ्यायचे नाय. खिडकीतून फळा दिसेल तेवढा शिकला. मास्तर पण चांगला होता म्हणे, वाईट नव्हता. तर बाहेर बसणं काय ते मला तू कलम काढून शिकवू नको. पोरगी आत गेली पाहिजे. आज."

तिच्या घरी बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली तिचा चौथीचा दाखला चौकट करून लावलेला होता. तेवढंच शिक्षण. त्या दिवसापर्यंत मी तो नीट पाहिला नव्हता.

दुपारी साडेबारा ते साडेपाच पहिली भरायची. मावशी शेवटच्या बाकावर. बाक लहान मुलांचा, त्यामुळे ती आडवी बसायची, गुडघे बाहेर काढून. तन्वी दुसऱ्या बाकावर, श्रावणी नावाच्या एका बडबड्या मुलीशेजारी. वर्गशिक्षिका पूजाबाई, कंत्राटावरच्या, तेवीस-चोवीस वर्षांच्या. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं, मावशी, तुम्ही तिच्या शेजारी नाही बसणार? मावशी म्हणाली, "मी शेजारी बसले तर तिची मैत्रीण कोण होणार? मी?"

पहिल्या तासाला एका मुलाने मागे वळून विचारलं, "आजी, तू नापास झालीस का?"

"हो."

"किती वेळा?"

"साठ वर्षं."

तो घाबरून अभ्यासाला लागला, असं पूजाबाई सांगतात.

डब्याच्या सुट्टीत तन्वीला डब्याचं झाकण उघडायला वेळ लागायचा. आजूबाजूची पाच-सहा मुलं धावून यायची, मी उघडतो, मी उघडते. शेवटच्या बाकावरून आवाज यायचा, "हात मागं." मुलांना तो खेळ वाटला. सगळी हात पाठीमागे बांधून तिच्याभोवती उभी राहायची आणि झाकण निघालं की टाळ्या. ऑगस्टपर्यंत टाळ्या बंद झाल्या, कारण झाकण लगेच निघायला लागलं आणि त्यात बघण्यासारखं काही उरलं नाही. मावशीला टाळ्या बंद झाल्याचा फार आनंद झाला होता. दोन वेळा सांगितलं तिने मला.

मशेरीचे हाल मात्र झाले. शाळेत तंबाखूबंदीचा बोर्ड. पाच तास ती दात आवळून बसायची आणि चार वाजता तिचा स्वभाव इतका बिघडायचा की पूजाबाई तिला वह्या तपासायला देऊन गप्प करायच्या. इंग्रजीच्या वह्या तपासताना तिला स्वतःलाच स्पेलिंगं येईनात, म्हणून ती आदल्या रात्री पाठ करून यायची. सोडून दे ना मावशी ती मशेरी, असं मी एकदा म्हटलं. ती म्हणाली, "तू पत्रकं सोड."

सप्टेंबरात तिला दोन दिवस ताप आला. पहिल्या दिवशी पावणेदोनला शाळेतून स्नेहलला फोन गेला: सोबतचं माणूस आलेलं नाही, मुलीला घेऊन जा. तन्वीने काही केलं नव्हतं. ती बाकावर बसून चित्र रंगवत होती. स्नेहलने तव्यावरची पोळी दुसरीला दिली, दादरहून धावत आली, तन्वीला अर्ध्या रंगवलेल्या चित्रासकट घरी नेलं. दुसऱ्या दिवशी पाठवलंच नाही. तिसऱ्या दिवशी मावशी अंगात ताप घेऊन शेवटच्या बाकावर होती. हे मी कौतुकाने सांगत नाही. एका मुलीचं शिक्षण एका म्हातारीच्या तापावर टांगलेलं असणं ही लाजेची गोष्ट आहे, आणि लाज मावशीला वाटायची गरज नव्हती.

माझं म्हणणं खरं ठरलं तेही सांगते. नोव्हेंबरात घोडपदेवची एक आई पुढच्या वर्षासाठी त्याच शाळेत चौकशीला गेली. तिचा मुलगा शनिवारी यायचा. ऑफिसातल्या कारकुनाने तिला सांगितलं, "हो, घेतो की आम्ही. एखादी मावशी आणा फक्त." मी ते मावशीला जाऊन सांगितलं. सांगताना मला थोडा आनंद झाला होता. बघ, मी म्हटलं होतं ना, असं. तिला ते दिसलं.

तिने पोळपाट धुतला, उभा करून ठेवला. मग म्हणाली, "कागद काढ. लिही."

शिक्षणाधिकाऱ्यांना लिहिलेला तो अर्ज माझ्याकडे आहे. वरचा मजकूर तिचा, शब्दाला शब्द: "मी शालन कांबळे, वय अडुसष्ट, जूनपासून पहिलीत बसते. मी करते ते काम शाळेचं आहे. माझ्या जागी पगारी माणूस द्या. त्याला शिकवलेलं असावं. मी उठायला तयार आहे."

मी म्हटलं, कलमं घालते. ती म्हणाली, "तुझी कलमं खाली टाक. वर माझं राहू दे." सही केली, ठळक, चौथीच्या अक्षरात. ऑफिसात अर्ज द्यायला ती स्वतः आली, पोच घेतल्याशिवाय हलली नाही. पोच मिळाली. उत्तर अजून मिळालेलं नाही.

फेब्रुवारीत एका रविवारी दुपारी जेवून आडवी झाली ती उठली नाही. बीपीच्या गोळ्या ती नियमाने घेत नव्हती, हे मागाहून तिच्या मुलाने सांगितलं. घोडपदेवच्या त्या चाळीच्या जिन्यात त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. आया आल्या होत्या, मुलं आली होती, पूजाबाई आल्या होत्या. मुख्याध्यापिका बाईही आल्या होत्या.

तिला मी नीट शेवटचं पाहिलं ते त्याआधी दोन आठवडे, शाळा सुटताना. मी अर्जाच्या चौकशीहून परत येत होते आणि तिला ते सांगायला गेटवर थांबले. पहिलीचा वर्ग पहिल्या मजल्यावर. गुडघ्यांमुळे मावशी जिना तिरकी उतरायची, कठडा धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत. तोवर बाकीची शाळा तिच्या बाजूने धो धो खाली यायची. त्या दिवशी तन्वी तिच्या पुढे दोन पायऱ्या होती. खालून श्रावणीने हाक मारली, "तन्वी, चल, बर्फवाला." तन्वीने कठडा सोडला, उरलेल्या पायऱ्या उतरली, आणि श्रावणीच्या मागे गेटबाहेर गेली. मावशीकडे वळून पाहिलं नाही.

मावशी पायरीवरच थांबली. मला वाटलं तिला वाईट वाटलं असेल. मी वर गेले, हात पुढे केला.

"सोड," ती म्हणाली. "पाहिलंस? विसरली मला." आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आधी पाहिलं नव्हतं, तिला ते लपवायलाही सुचलं नाही. मग उरलेला जिना ती उतरली, तिच्या गतीने, आणि बर्फवाल्याकडे गेली नाही. रस्त्याच्या दुसऱ्या बाजूला उभी राहिली, पोरींचं खाऊन होईपर्यंत.

आता मे संपत आला आहे. जूनमध्ये तन्वी दुसरीत जाईल. शाळेची अट तीच: पाचही दिवस, दुपारी साडेबारा ते साडेपाच, सोबत एक मोठं माणूस. ही अट बेकायदा आहे असं मी शाळेला लेखी कळवलं आहे आणि शिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात दर पंधरवड्याला जाते. जात राहीन. पण फेब्रुवारीपासून काय झालं ते ऐका. सोमवार आणि बुधवार मी घेतले, कामाच्या ठिकाणी सकाळची पाळी मागून. शुक्रवारी प्रकाशदादांची सुट्टी असते, ते बसतात, आखडून, पण बसतात. मंगळवारी आणि गुरुवारी कोणी नाही. त्या दोन दिवशी तन्वी घरी असते. शेजारची वहिनी मध्येमध्ये डोकावते. मार्चमधली तोंडी परीक्षा मंगळवारी होती. तिला त्यातल्या तीन कविता येत होत्या.

तुम्ही हे इथपर्यंत वाचलंत. वाईट वाटलं असेल, ते तुमच्यापाशी ठेवा, त्याचं इथे कोणाला काही करता येत नाही. तुम्ही निवृत्त असाल, रात्रपाळीला असाल, मुलं मोठी होऊन दुपार मोकळी असेल, तर आठवड्यातला एक दिवस तुमच्याकडे आहे. शिक्षण लागत नाही. काय करायचं ते दोन शनिवारांत शिकवू, काय करायचं नाही ते शिकायला जास्त वेळ लागतो. येत्या शनिवारी दहा वाजता लालबागच्या बाजारामागच्या व्यायामशाळेत या आणि एकच सांगा: मंगळवार घेताय की गुरुवार?